कुठला देश किती सेफ? गुन्ह्यांचे आकडे वाचताना नेहमी पडणारे प्रश्न

जगातला सगळ्यात सेफ देश कुठला, एकच नाव सांगा ना

एक नाव सांगता येत नाही हो. खुनाचा दर बघितला तर सिंगापूर आणि जपान कायम तळाला, लाखामागे ०.१ ते ०.३ च्या आसपास. देश किती शांत आहेत याची यादी करणारा ग्लोबल पीस इंडेक्स बघितला तर २००८ पासून आइसलँड पहिल्या नंबरवर. पण तुम्हाला भीती नक्की कशाची आहे ते आधी ठरवा, जीव जाण्याची, मोबाइल हिसकावला जाण्याची, रात्री एकटीने घरी येण्याची, की बँकेतले पैसे कुणी ऑनलाइन उडवण्याची? या प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या देशाकडे जातं. स्पेनमध्ये खुनाचा दर लाखामागे १ पेक्षा कमी आहे पण बार्सिलोनाच्या मेट्रोत पाकीटमारांपासून सांभाळा हे तिथे जाऊन आलेला प्रत्येकजण सांगतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मग सगळे खुनाचाच आकडा का घेऊन बसतात? खून तर फार थोड्या लोकांच्या वाट्याला येतो

कारण तुलना करण्यासारखा त्यातल्या त्यात तेवढाच एक आकडा आहे. मेलेला माणूस लपवणं अवघड असतं. मृतदेह सापडतो, पोस्टमॉर्टेम होतं, मृत्यूची नोंद पोलिसांकडे वेगळी आणि आरोग्य खात्याकडे वेगळी होते, म्हणजे एक आकडा दुसऱ्याशी पडताळून बघता येतो. चोरी, मारहाण, छेडछाड यांचं तसं नाही, तिथे कुणीतरी उठून तक्रार द्यायला लागते आणि समोरच्याने ती लिहून घ्यायला लागते.

संयुक्त राष्ट्रांचं जे ड्रग्ज आणि गुन्हेगारीवरचं ऑफिस आहे, यूएनओडीसी, ते देशादेशांकडून हे आकडे गोळा करतं. त्यांच्या २०२३ च्या रिपोर्टप्रमाणे २०२१ साली जगात साधारण ४ लाख ५८ हजार माणसांचा खून झाला, म्हणजे लाखामागे ५.८. दोन्ही अमेरिका खंड मिळून दर १५, आफ्रिकेत १२.७, आशियात २.३ आणि युरोपात २.२. बरेच जण आशिया म्हटलं की धोका आणि अमेरिका म्हटलं की सुरक्षितता असं धरून चालतात, त्यांनी हे चार आकडे एकदा नीट बघावेत.

पण खुनाच्या आकड्यातही गडबडी आहेतच. युद्धात मेलेले यात धरत नाहीत. पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांचा हिशोब प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने ठेवतो, आणि ब्राझीलसारख्या देशात जिथे २०२३ मध्ये पोलिसांच्या हातून ६ हजारांहून जास्त माणसं मेली तिथे ही छोटी गोष्ट नाही, ते धरले की चित्र एक आणि वगळले की दुसरंच.

लाखामागे दर म्हणजे काय आणि तो का बघायचा?

वर्षभरात झालेले गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. मोठ्या देशात एकूण गुन्हे जास्त असणारच, म्हणून दर. भारतात २०२२ मध्ये एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नोंदीप्रमाणे २८,५२२ खून झाले, आकडा ऐकून धस्स होतं, पण लाखामागे तो २.१ येतो. त्याच सुमाराला दक्षिण आफ्रिकेत वर्षाला साधारण २७ हजार खून होत होते, म्हणजे एकूण जवळपास तेवढेच, पण लोकसंख्या ६ कोटी, त्यामुळे दर ४५ च्या घरात. एकूण आकडा सारखा आणि माणसाला असलेला धोका वीसपट.

लहान देशांचे दर एका वर्षात दुप्पट कसे होतात?

आइसलँडचं गणित करून बघा. लोकसंख्या ३ लाख ८० हजार धरली तर एक खून म्हणजे लाखामागे ०.२६. एका वर्षी दोन खून झाले, दर ०.५. पुढच्या वर्षी एकाच घरात एका रात्री दोन माणसं मारली गेली आणि बाकी वर्षभरात नेहमीचे दोन, झाले चार, दर १ च्या वर. हेडलाइन येणार की खून दुप्पट झाले. रस्त्यावर काहीही बदललेलं नसतं. म्हणून लहान देश, बेटं, छोटी शहरं यांच्यासाठी एका वर्षाचा दर बघूच नका, पाच-दहा वर्षांची सरासरी काढा.

व्हॅटिकन हा सगळ्यात जास्त गुन्हेगारी असलेला देश आहे हे खरं आहे का?

हा सगळा भागाकाराचा खेळ आहे. राहणारे लोक हजाराच्या आत आणि वर्षाला येणारे पर्यटक लाखोंनी. पाकिटं मारली जातात पर्यटकांची, भागाकार होतो रहिवाशांनी. मग दर आभाळाला भिडतो.

ही चूक मोठ्या शहरांच्या बाबतीतही होते आणि तिथे ती पटकन कळत नाही. अमेरिकेतलं सेंट लुइस बघा. २०२० मध्ये तिथे २६३ खून झाले आणि शहराची लोकसंख्या साधारण ३ लाख, म्हणजे लाखामागे ८७, जगातल्या सगळ्यात धोकादायक शहरांच्या यादीत वर. पण हे शहर १८७६ मध्येच आजूबाजूच्या काउंटीपासून, म्हणजे जिल्ह्यापासून, वेगळं झालं आणि त्याची हद्द तेव्हापासून तेवढीच राहिली. सगळा महानगर परिसर धरला तर २८ लाख लोक राहतात, त्यातल्या शांत उपनगरांतला एकही माणूस त्या भागाकारात येत नाही. दुसऱ्या एखाद्या शहराची हद्द त्याच्या उपनगरांना पोटात घेऊन पसरलेली असते म्हणून त्याचा दर कमी दिसतो. म्हणजे सेंट लुइसमध्ये प्रॉब्लेम नाही असं मी म्हणत नाहीये, जे २६३ जीव गेले ते गेलेच, पण शहरांचं रँकिंग करताना हद्द कुठे आखलीय हे न बघता केलेली यादी काही कामाची नाही.

स्वीडनमध्ये बलात्काराचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त आहे असा फॉरवर्ड येतो, ते काय आहे?

हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्याचा मला मनापासून राग येतो, कारण ज्या देशाने बायकांची तक्रार गांभीर्याने लिहून घ्यायची पद्धत बसवली त्यालाच त्याची शिक्षा दिल्यासारखं होतं हे.

तिथे नोंद कशी होते ते बघा. एखादी बाई पोलिसांकडे गेली आणि म्हणाली की नवरा वर्षभर वारंवार जबरदस्ती करत होता, तर स्वीडनमध्ये प्रत्येक प्रसंग हा वेगळा गुन्हा म्हणून मोजला जातो, एका तक्रारीतून शंभर-दोनशे नोंदी होऊ शकतात. बऱ्याच देशांत ती एकच नोंद होईल, आणि जिथे लग्नातली जबरदस्ती कायद्याने गुन्हाच नाही तिथे शून्य. शिवाय तक्रार आली की लगेच नोंद, पुढे तपासात काय निघालं ते नंतर. २००५ मध्ये त्यांनी बलात्काराची व्याख्या मोठी केली, २०१३ मध्ये आणखी वाढवली, आणि जुलै २०१८ पासून संमतीचा कायदा आला, म्हणजे धमकी किंवा मारहाण झाली नसली तरी संमती नव्हती एवढं पुरेसं. दर वेळी व्याख्या वाढली की आकडा वाढणारच.

म्हणून लैंगिक गुन्ह्यांच्या पोलिसी आकड्यांवरून दोन देशांची तुलना करूच नका. एखाद्या देशाचा आकडा अगदी कमी दिसला तर आधी विचारा की तिथे बाई तक्रार करायला जाऊ शकते का, गेली तर तिच्यावरच उलटतं का, घरचे जाऊ देतात का. काही ठिकाणी या आकड्याचं कमी असणं हीच सगळ्यात वाईट बातमी असते.

म्हणजे नोंदवलेले गुन्हे वाढले तर ती चांगली गोष्ट समजायची?

कधी कधी हो. एनसीआरबी स्वतःच आपल्या रिपोर्टमध्ये बजावतं की नोंदी वाढणं आणि गुन्हेगारी वाढणं यात गल्लत करू नका. ऑनलाइन तक्रारीची सोय झाली, महिला पोलीस वाढले, की लोक पुढे येतात.

एका चोरलेल्या मोबाइलचा प्रवास बघा. पहिल्या देशात मोबाइलचा विमा असतो, विम्याला पोलीस रिपोर्टचा नंबर लागतो, फॉर्म वेबसाइटवर पाच मिनिटांत भरता येतो, म्हणून जवळजवळ प्रत्येक चोरी आकड्यात जाते. दुसऱ्या देशात विमा नाही, चौकीत अर्धा दिवस बसायला लागतं, तिथला माणूस म्हणतो चोरीला गेला कशावरून, हरवला असेल, हरवल्याचंच लिहून द्या. तो माणूस कंटाळून हरवल्याचं लिहून देतो आणि सिम ब्लॉक करून घरी जातो. त्या देशाच्या चोरीच्या आकड्यात शून्य. आता हे दोन आकडे शेजारी मांडून पहिला देश जास्त धोकादायक म्हणायचं का?

हे फक्त गरीब देशांत होतं असंही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ मध्ये पोलिसांच्या कामाची तपासणी झाली तेव्हा दिसलं की लोकांनी सांगितलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के पोलिसांनी नोंदलेच नव्हते, हिंसक गुन्ह्यांत ३३ टक्के आणि लैंगिक गुन्ह्यांत २६ टक्के. त्याच वर्षी तिथल्या पोलिसी आकड्यांचा अधिकृत राष्ट्रीय आकडेवारीचा दर्जा काढून घेतला गेला. इतक्या उघडपणे स्वतःच्या आकड्यांना नापास करणारे देश थोडे आहेत, आणि मला वाटतं की त्यामुळेच त्यांच्या आकड्यांवर जास्त विश्वास ठेवता येतो.

पोलिसांकडे न गेलेले गुन्हे मग कळतात कसे?

सर्व्हे करून. घरोघरी जाऊन किंवा फोनवर हजारो लोकांना विचारतात की गेल्या वर्षभरात तुमच्या बाबतीत काय काय घडलं, पोलिसांकडे गेला होतात की नाही. अमेरिकेत असा सर्व्हे १९७३ पासून चालू आहे, इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून, आणि अनेक देशांत एकच प्रश्नावली वापरून तुलना करायचा आंतरराष्ट्रीय सर्व्हे १९८९ मध्ये सुरू झाला होता. अमेरिकेच्या सर्व्हेत २०२२ साली दिसलं की हिंसक गुन्ह्यांपैकी निम्मेसुद्धा पोलिसांपर्यंत पोचत नाहीत. तुम्हाला दोन देशांची चोरी, मारहाण यांची तुलना करायचीच असेल तर असा सर्व्हे दोन्हीकडे आहे का ते शोधा, नसेल तर तुलना सोडून द्या.

क्राइम इंडेक्स देणाऱ्या वेबसाइटवर विश्वास ठेवायचा का?

आधी बघा की तो आकडा बनतो कसा. नंबिओ या वेबसाइटचा क्राइम इंडेक्स फार शेअर होतो, पण तो साइटवर येणाऱ्या लोकांनी भरलेल्या मतांवर चालतो. तुम्हाला इथे रात्री फिरताना कसं वाटतं, गुन्हे वाढलेत का, असे प्रश्न. कोण भरतं, किती जण भरतात, यावर काही बंधन नाही, एखाद्या शहरासाठी शंभर-दोनशे जणांनी भरलं की झाला इंडेक्स तयार. पोलिसांचा किंवा हॉस्पिटलचा एकही आकडा त्यात नसतो. लोकांच्या मनातली भीती कळायला ठीक आहे, गुन्हे मोजायला नाही.

ग्लोबल पीस इंडेक्स मेहनतीने केलेला आहे, २३ निकष आहेत, पण त्यात लष्करावरचा खर्च, शस्त्रांची निर्यात, शेजाऱ्यांशी संबंध हे सगळं येतं. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या माणसाला देशाच्या शस्त्रनिर्यातीने काय फरक पडतो? वेगळ्या कामाचा इंडेक्स आहे तो.

त्यातल्या त्यात गॅलप या मतचाचण्या घेणाऱ्या कंपनीचा जागतिक सर्व्हे मला आवडतो, कारण प्रश्न साधा आणि सगळीकडे तोच: तुम्ही राहता त्या भागात रात्री एकट्याने चालताना तुम्हाला सुरक्षित वाटतं का? सॅम्पल नीट निवडलेलं असतं. सिंगापूर त्यात वर्षानुवर्षं वरच्या टोकाला आहे. हाही भावनेचाच आकडा आहे, गुन्ह्यांचा नाही, पण निदान नीट मोजलेला. आणि पुरुष-बायकांच्या उत्तरात केवढा फरक पडतो ते त्यात बघून घ्या, श्रीमंत देशांतसुद्धा.

बायकांसाठी सेफ देश वेगळे असतात का?

धोका वेगळा असतो, म्हणून हो. जगात खून झालेल्यांपैकी ८१ टक्के पुरुष असतात, त्यामुळे देशाचा खुनाचा दर हा मुख्यतः पुरुषांच्या धोक्याचा दर असतो, टोळ्या, ड्रग्ज, दारूची भांडणं. बायकांचं उलट आहे. २०२३ मध्ये जगात ८५ हजार बायका आणि मुली मारल्या गेल्या आणि त्यातल्या ६० टक्के नवरा, जोडीदार किंवा घरातल्याच कुणाच्या हातून. रोज १४०. या बायकांसाठी रस्ता धोक्याचा नव्हता, घर होतं. आणि सेफ्टीच्या सगळ्या चर्चा मात्र अंधारे रस्ते आणि अनोळखी माणसं यांच्याभोवतीच फिरत राहतात, हे बदलायला पाहिजे.

युरोपियन युनियनच्या मूलभूत हक्क संस्थेने २०१४ मध्ये सगळ्या सदस्य देशांतल्या बायकांना विचारलं होतं की १५ वर्षांच्या झाल्यापासून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली का. सरासरी तीनपैकी एक. पण डेन्मार्क ५२ टक्के, फिनलंड ४७, स्वीडन ४६, आणि पोलंड १९! समानतेत सगळ्यात पुढचे देश वर कसे, यावर अभ्यासक अजून भांडतायत, काही म्हणतात तिथे बायका उघडपणे सांगतात, काही म्हणतात एवढ्याने सगळा फरक भरून निघत नाही. मला पहिलं कारण मोठं वाटतं, पण म्हणून दुसरं फेटाळून लावता येत नाही.

एकटीने प्रवास करणाऱ्या बाईला खरा उपयोग होतो तो तिथे नुकतीच एकटीने राहून आलेल्या दुसऱ्या बाईच्या माहितीचा. कुठल्या एरियात, किती वाजता, कुठली बस, कपड्यांवरून लोक टोकतात का. हे कुठल्याच इंडेक्समध्ये नसतं.

देशाचा दर कमी आहे, मग मी जिथे जाणार तिथेही कमीच असणार ना?

अजिबात धरून चालू नका. मेक्सिकोत २०२२ मध्ये कोलिमा राज्याचा खुनाचा दर लाखामागे १०० च्या वर होता आणि युकातान राज्याचा २ च्या आसपास, म्हणजे अमेरिकेपेक्षाही कमी. एकच देश, एकच पासपोर्ट. ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्याचा दर ८ च्या आसपास असताना उत्तरेतल्या आमापाचा ६० च्या वर होता. देशाची सरासरी या दोघांपैकी कुणाचंच खरं सांगत नाही.

आणि शहराच्या आतसुद्धा तेच. १९८९ मध्ये मिनीआपोलिस शहरातल्या पोलिसांच्या कॉलचा अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की साधारण ३ टक्के पत्त्यांवरूनच निम्मे कॉल येत होते. नंतर बऱ्याच शहरांत हेच सापडलं, शहरातले निम्मे गुन्हे चार-पाच टक्के गल्ल्यांत होतात. एखादा बार, एखादा बस स्टँड, एखादी रिकामी इमारत. दोन गल्ल्या सोडून लोक वर्षानुवर्षं निवांत राहत असतात. म्हणून अमुक शहर डेंजर आहे असं कुणी म्हणालं की विचारा, कुठला चौक, किती वाजता?

अमेरिकेत शिकायला जायचंय, गोळीबाराच्या बातम्या बघून घरचे घाबरलेत

घरच्यांची भीती बिनबुडाची नाही. अमेरिकेचा खुनाचा दर २०२१ मध्ये लाखामागे ६.८ होता, पश्चिम युरोपच्या कितीतरी पट, आणि याचं मुख्य कारण बंदुका, हे सरळ सांगायला पाहिजे. त्याच वर्षी तिथे बंदुकीने ४८ हजारांहून जास्त माणसं मेली. पण त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या, हे बातम्यांत येत नाही. शाळा-मॉलमधले गोळीबार भयंकर असतात पण एकूण मृत्यूंत त्यांचा वाटा फार छोटा आहे, बहुतेक खून ठराविक शहरांच्या ठराविक भागांत, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांत होतात. २०२१ नंतर दर खाली येतोय. युनिव्हर्सिटीचं नाव कळलं की शहराऐवजी कॅम्पस आणि भाड्याने घ्यायची जागा या दोनच गोष्टींची माहिती काढा. अमेरिकन कॉलेजांना कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचा वार्षिक रिपोर्ट कायद्याने जाहीर करावाच लागतो, तो वेबसाइटवर मिळतो, घरच्यांसोबत बसून वाचा.

एक लक्षात ठेवा, २०२१ मध्ये एफबीआयने डेटा गोळा करायची पद्धत बदलली आणि बऱ्याच पोलीस खात्यांनी त्या वर्षी आकडे दिलेच नाहीत, त्यामुळे २०२० आणि २०२१ ची शहरवार तुलना कुणी दाखवली तर जपून.

बातम्या बघून तर वाटतं गुन्हे वाढतच चाललेत

सगळ्यांनाच वाटतं. अमेरिकेत १९९३ ते २०२२ या काळात हिंसक गुन्ह्यांचा दर जवळपास निम्म्यावर आला, आणि त्याच काळात गॅलपच्या जवळजवळ प्रत्येक सर्व्हेत बहुसंख्य लोक म्हणत राहिले की देशात गुन्हे वाढलेत. स्वतःच्या एरियाबद्दल विचारलं की तेच लोक कमी काळजीत असतात.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरने गुन्हेगारी संपवली म्हणतात, मग तो आता सेफ देश झाला का?

खून खरोखर प्रचंड कमी झालेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१५ मध्ये दर लाखामागे १०० च्या वर होता, जगात सगळ्यात वाईट. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये २.४. दुकानदारांना टोळ्यांना हप्ता द्यायला लागत नाही, मुलं पलीकडच्या वस्तीत खेळायला जाऊ शकतात, सामान्य माणसाला याचं किती मोल असेल ते समजू शकतं.

पण त्यासाठी काय केलं तेही बघा. मार्च २०२२ मध्ये तीन दिवसांत ८७ माणसं मारली गेली, त्यानंतर आणीबाणीसारखी स्थिती जाहीर झाली, एका महिन्यासाठी म्हणून, आणि ती दर महिन्याला वाढवत नेली. ८० हजारांहून जास्त लोक आत. लोकसंख्येच्या मानाने जगात सगळ्यात जास्त कैदी तिथे. वकील मिळण्याचा हक्क, कारण सांगून अटक होण्याचा हक्क स्थगित. त्यात निरपराध माणसंही अडकली, हजारोंना नंतर सरकारने स्वतःच सोडलं. आणि मोजणीही बदलली, पोलिसांशी चकमकीत मेलेले त्या दरात धरत नाहीत. ज्या आईचा मुलगा अंगावरच्या टॅटूवरून उचलला गेला आणि त्याची काही खबर नाही, तिला तुम्ही सुरक्षित म्हणाल का? पोलिसांपासूनची सुरक्षितताही पर्सनल सेफ्टीतच येते, आणि ती मोजणारी यादी मी अजून पाहिली नाही.

बाहेरून आलेल्या लोकांमुळे गुन्हे वाढतात का?

देशानुसार उत्तर बदलतं, म्हणून एका वाक्यात बोलणाऱ्यांपासून लांब राहा. टेक्सासच्या अटकेच्या डेटावर झालेल्या अभ्यासात कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांचं गंभीर गुन्ह्यांतलं प्रमाण तिथे जन्मलेल्या नागरिकांपेक्षा कमी निघालं. स्वीडनमध्ये संशयितांत परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त दिसतं, त्यात वय, गरिबी, वस्ती यांचा हिशोब केला की फरक कमी होतो पण पूर्ण जात नाही. जगभर गुन्हे मुख्यतः तरुण पुरुष करतात, त्यामुळे कुठल्याही गटात तरुण पुरुष जास्त असले की त्याचा दर चढा दिसतो, हे आधी तपासायचं.

आकडे जुने आहेत, चालतील का?

देशावर अवलंबून. जपानचा पाच वर्षांपूर्वीचा आकडा बिनधास्त वापरा. इक्वाडोरचा नाही. २०१९ मध्ये तिथे खुनाचा दर ७ च्या आसपास होता, शांत देशांत गणती व्हायची, निवृत्त परदेशी लोक राहायला जायचे. मग कोकेनच्या वाहतुकीवरून बंदरांवर टोळ्यांची लढाई पेटली आणि २०२३ मध्ये दर ४० च्या पुढे गेला. चार वर्षांत. जुनं ट्रॅव्हल गाइड घेऊन गेलेल्या माणसाला वेगळाच देश भेटला असता.

श्रीमंत आणि कडक कायद्याच्या देशात काहीच होत नाही, बरोबर?

रस्त्यावर होत नाही, फोनवर होतं. सिंगापूरमध्ये २०२४ मध्ये लोकांनी ऑनलाइन आणि फोनवरच्या फसवणुकीत १०० कोटी सिंगापूर डॉलरहून जास्त गमावले. इंग्लंड-वेल्सच्या सर्व्हेतसुद्धा फसवणूक हा सगळ्यात मोठा गुन्हा झालाय. आयुष्यभराची कमाई गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला तुमचा देश सेफ आहे असं सांगून बघा.

गुन्ह्यांशिवाय आणखी काय बघायचं?

रस्ते. हे मी ओरडून सांगेन. २०२१ मध्ये जगात रस्ते अपघातात ११ लाख ९० हजार माणसं मेली, खुनांच्या अडीचपट. ५ ते २९ वयाच्या लोकांचं मृत्यूचं पहिलं कारण तेच. थायलंडला जाणारे लोक चोरांची चौकशी करतात आणि तिथे उतरल्यावर हेल्मेट न घालता भाड्याची स्कूटर काढतात, आणि थायलंडचा रस्त्यावरच्या मृत्यूंचा दर लाखामागे २५ च्या आसपास आहे, खुनाच्या दरापेक्षा कितीतरी जास्त. हेल्मेट मागून घ्या, रात्रीची लांबची बस टाळा, सीटबेल्ट नसलेली टॅक्सी सोडून द्या.

सरकारांच्या ट्रॅव्हल अॅडव्हायजरी कशा वाचायच्या?

कुठल्या देशात जाणं किती धोक्याचं हे सरकार आपल्या नागरिकांना सांगतं ती ही अॅडव्हायजरी. वरचा रंग सोडा, आतला मजकूर वाचा. अमेरिकेने २०१८ पासून चार लेव्हल ठेवल्यात, चौथी म्हणजे जाऊच नका, आणि फ्रान्स, जर्मनीसारखे देश बऱ्याचदा दहशतवादाच्या शक्यतेमुळे दुसऱ्या लेव्हलवर असतात, त्यावरून ते गुन्हेगारीत कसे आहेत काहीच कळत नाही. मेक्सिकोची अॅडव्हायजरी मात्र राज्यवार आहे, अशी असेल तर खूप कामाची. एकाच देशासाठी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया तिघांचं वाचा, तिघे एकाच जागेचं नाव घेत असतील तर तिथे जाऊ नका. शिवाय सरकारने जाऊ नका म्हटलेल्या भागात गेलात तर तुमचा ट्रॅव्हल इन्शुरन्स पैसे नाकारू शकतो, पॉलिसीत ते आधीच बघून ठेवा.

परदेशात काही झालंच तर पहिलं काय करायचं?

कुणी शस्त्र दाखवून मागितलं तर देऊन टाका, वाद घालू नका. मग सुरक्षित जागी जाऊन इमर्जन्सी नंबर लावा: युरोपियन युनियनमध्ये ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११, जपानमध्ये पोलिसांना ११० आणि अॅम्ब्युलन्सला ११९. नंबर आठवला नाही तर ११२ लावून बघा, बऱ्याच मोबाइल नेटवर्कवर तो तिथल्या सेवेला जोडला जातो.

पासपोर्ट, कार्ड गेलं असेल तर पोलीस रिपोर्टची कॉपी घेतल्याशिवाय चौकीतून निघू नका, नवा पासपोर्ट आणि विमा दोन्हीला ती लागते. पासपोर्टचा फोटो आधीच ईमेलवर ठेवलेला असेल तर वकिलातीतलं काम खूप लवकर होतं. आणि उलटं झालं, म्हणजे पोलिसांनी तुम्हालाच ताब्यात घेतलं, तर माझ्या वकिलातीला कळवा एवढं शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगत राहा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे तो तुमचा हक्क आहे आणि जगातल्या बहुतेक सगळ्या देशांनी त्यावर सही केलीय. न समजणाऱ्या भाषेतल्या कुठल्याही कागदावर दुभाषी येईपर्यंत सही करू नका.